भाजी आणली, पुढे काय? घरच्या स्वयंपाकाला नव्याने लागलेल्यांसाठी

एकटा राहायला लागलो त्या पहिल्याच महिन्यात फ्रिजच्या खालच्या कप्प्यात एक काकडी सापडली. वरून हिरवीगार दिसत होती. उचलायला गेलो तर अंगठा सरळ आत गेला. तिच्याखाली पालकाची जुडी होती. जुडी म्हणजे काय, पिशवीच्या तळाशी हिरवं पाणी आणि त्यात चार देठ. त्या आठवड्यात मी स्वयंपाकाचे चौदा व्हिडिओ पाहिले होते आणि पाच वेळा बाहेरून जेवण मागवलं होतं.

तेव्हा वाटायचं, आपल्याला स्वयंपाक येत नाही म्हणून हे होतंय. तसं नव्हतं. कढईत भाजी परतणं कुणालाही दोन-तीन दिवसांत जमतं. घोडं पेंड खातं ते आधी. पिशवी घरात येते तिथपासून भाजी कढईत पडेपर्यंत जे चार दिवस जातात, त्यांत. संध्याकाळी दमून आल्यावर न निवडलेली, न धुतलेली, अर्धी सुकलेली भाजी समोर दिसली की भलाभला माणूस फोन उचलून जेवण मागवतो.

म्हणून या लेखात गॅसपेक्षा फ्रिजबद्दल जास्त वाचायला मिळेल. पाककृती इथे जवळजवळ नाहीतच.

काय काय लागेल

- एक चांगली सुरी. वीतभर पात्याची, आणि धार असलेली. बोथट सुरी टोमॅटोवरून घसरते आणि बोटावर येते. धारदार सुरी जिथे ठेवाल तिथेच उतरते.
- चॉपिंग बोर्ड. मांस-मासे करत असाल तर त्यासाठी वेगळा.
- जाड बुडाची रुंद कढई किंवा पॅन, नीट बसणारं झाकण असलेलं.
- एक मोठं पातेलं आणि त्यावर बसेल अशी चाळणी. वाफवायलाही तीच, निथळायलाही तीच.
- झाकणाचे चार-सहा पसरट डबे. उंच डबे नकोत, कारण पुढे येईल.
- स्वच्छ, कोरडी सुती फडकी. ही जितकी जास्त तितकी बरी.
- चिकटपट्टी आणि मार्कर, डब्यावर तारीख लिहायला.

एवढं पुरे. सुरुवातीला मी कांदा चिरायचं यंत्र घेतलं होतं. कांदा अर्ध्या मिनिटात व्हायचा, आणि त्या जाळीत अडकलेले तुकडे टूथब्रशने काढायला पाच मिनिटं. ते आता माळ्यावर आहे.

१. यादी भाज्यांची नको, जेवणांची करा

बाजारात जाण्याआधी एकच प्रश्न विचारा: या आठवड्यात मी खरोखर किती वेळा घरी जेवण करणार आहे? उत्तर प्रामाणिक हवं. नव्याने सुरुवात करणाऱ्याने चार रात्री धराव्यात. सातही रात्री धरल्या की तीन रात्रींची भाजी कचऱ्यात जाते, आणि तिच्याबरोबर उत्साहही जातो.

प्रमाणासाठी एक आकडा उपयोगी पडतो. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळं आणि भाज्या खायला सांगते. बटाटा आणि त्याच्यासारखे पिठूळ कंद यात धरायचे नाहीत. रात्रीच्या जेवणात त्यातला निम्म्याहून थोडा जास्त, म्हणजे २५० ग्रॅम भाजी धरली, तर एका माणसाला चार रात्रींना एक किलो लागते. सालं, देठं जातात, त्यासाठी थोडी जास्त घ्या. पहिल्या खेपेला मी साडेतीन किलो आणली होती.

मग भाज्या टिकण्यावरून तीन गटांत पाहा. पालेभाज्या, कोथिंबीर, मशरूम, मक्याची कणसं ही मंडळी दोन-तीन दिवसांची पाहुणी. काकडी, वांगी, ढोबळी मिरची, फरसबी, फ्लॉवर, ब्रोकोली, टोमॅटो साधारण आठवडाभर राहतात. गाजर, बीट, कोबी, लाल भोपळा, कांदा, बटाटा, लसूण नीट ठेवले तर कित्येक आठवडे.

खरेदीचा माझा नियम असा: पहिल्या गटातलं एकच, दुसऱ्यातलं दोन किंवा तीन, तिसऱ्यातलं हवं ते. आणि खायचं याच क्रमाने. सोमवारी पालक, गुरुवारी कोबी. हा क्रम उलटा झाला की काकडीत अंगठा जातो.

फ्रीझरमध्ये मटारची एक पिशवी असू द्या. गोठवलेली भाजी म्हणजे कमअस्सल, हा गैरसमज आहे. ती काढणीनंतर थोड्या वेळात गोठवलेली असते. चार दिवस फ्रिजमध्ये मरगळलेल्या ‘ताज्या’ भाजीपेक्षा बऱ्याचदा ती सरस असते.

२. घरी आल्यावरचा अर्धा तास

हा अर्धा तास चुकवू नका. पिशवी तशीच फ्रिजमध्ये कोंबायची नाही. आणि सगळं धुऊन ठेवायचंही नाही. मी नेमकं तेच करायचो. चकचकीत धुतलेल्या भाज्या, ओल्याच, पिशवीत बांधून. पालक का सडतो हे विचारायला आईला फोन केला, तर ती म्हणाली, “अरे, आणल्याआणल्या धुतलास कशाला? आधी निवड, पुसून ठेव, करायच्या वेळी धू.”

त्यामागचं कारण कळलं की बाकीचं आपोआप सुचतं. पानातलं पाणी उडून गेलं की पान मान टाकतं. पानाच्या वर पाणी राहिलं की ते कुजतं. म्हणजे हवेत ओल हवी, पण पानावर थेंब नको. हे साधायला सुती फडक्यासारखं दुसरं काही नाही.

पालेभाजीची जुडी आणली की आधी तिचं रबर किंवा दोरा काढा. आवळलेल्या जागीच सड सुरू होते. पिवळी, चिखलट, काळे डाग पडलेली पानं काढून टाका. एक सडकं पान शेजारच्या चारांना घेऊन जातं. पसरट डब्यात कोरडं फडकं अंथरा, पानं सैल ठेवा, वर दुसरं फडकं, मग झाकण. दुसऱ्या दिवशी उघडून पाहा. फडकं ओलसर लागलं तर बदला. या पद्धतीने माझा पालक चार-पाच दिवस टिकतो, पूर्वी दोन दिवसांत जायचा.

कोथिंबीर फुलदाणीतल्या फुलांसारखी ठेवता येते. देठांची टोकं कापा, पेल्यात दोन बोटं पाणी घाला, जुडी उभी करा, वरून पिशवी सैलसर पांघरा आणि फ्रिजमध्ये ठेवा. पाणी एक दिवसाआड बदला.

गाजर, बीट, मुळा यांना पाला असेल तर घरी येताच तो कापून वेगळा करा. पाला कंदातलं पाणी ओढत राहतो आणि गाजर रबरासारखं वाकतं. पाला कोवळा असेल तर फेकू नका, पालेभाजीत चालतो.

टोमॅटो पिकेपर्यंत बाहेर ठेवा. थंडीत त्याचा वास मरतो आणि पिकणं थांबतं. अगदी मऊ झाले आणि आज खायचे नसले, तरच फ्रिज.

बटाटा अंधारात, हवेशीर जागी. उजेडात तो हिरवा पडतो. तो हिरवेपणा नुसत्या रंगाचा असतो, पण जिथे तो दिसतो तिथे सोलानाइन नावाचं विषारी द्रव्यही वाढलेलं असू शकतं. थोडासा हिरवा भाग खोल कापून टाकावा. बटाटा बराच हिरवा असेल किंवा चवीला कडू लागला तर सगळा फेकावा. कच्चा बटाटा फ्रिजमध्ये ठेवला की त्यातल्या स्टार्चची साखर होऊ लागते, मग तळताना तो लवकर काळा पडतो. कांदाही कोरड्या, हवेशीर जागीच ठेवायचा, पण बटाट्यापासून लांब. दोघं एका टोपलीत असले की दोघंही लवकर खराब होतात.

आता फळं. सफरचंद, केळी, पिकलेले आंबे यांच्यातून इथिलीन नावाचा वायू सुटतो. फळ पिकवणारा वायू तो हाच. तो पालेभाजीला पिवळं पाडतो आणि गाजराला कडू करतो. त्यामुळे सफरचंदं भाजीच्या कप्प्यात नकोत. उलट एखादं फळ कच्चं निघालं तर कागदी पिशवीत केळ्याबरोबर ठेवा, लवकर पिकेल.

फ्रिजचं तापमान ४ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली हवं, फ्रीझरचं उणे १८. मांस-मासे सगळ्यांत खालच्या फळीवर, खोलगट भांड्यात झाकून ठेवा, म्हणजे त्यांचं पाणी सॅलडवर गळणार नाही.

३. धुणं, निवडणं, चिरणं

धुणं करायच्या वेळी, वाहत्या पाण्याखाली. साबण नको, भांड्यांचं लिक्विड नको. भाजीचा पृष्ठभाग ते शोषून घेऊ शकतो. साल काढून टाकणार असलात तरी आधी धुवा, नाहीतर सुरी सालीवरची घाण आत नेते. टरबूज-खरबुजाच्या बाबतीत हे हमखास विसरलं जातं.

पालेभाजी धुताना पानं चाळणीत घालून वरून पाणी ओतू नका. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घ्या, पानं बुडवा, हाताने हलवा, मिनिटभर थांबा. माती तळाशी बसते. मग पानं दोन्ही हातांनी वर उचलून घ्या आणि पाणी नंतर फेका. पानांसकट पातेलं उपडं केलं की खाली बसलेली माती परत पानांवर. तळाशी कचकच लागेनाशी होईपर्यंत दोन-तीनदा करा.

कच्चं चिकन मात्र धुऊ नका. धुण्याने जंतू जात नाहीत, शिंतोड्यांबरोबर ओट्यावर पसरतात. ते शिजण्यानेच मरतात. थर्मामीटर असेल तर आतलं तापमान ७४ अंशांवर गेलेलं पाहा.

चिरताना बोर्डाखाली ओलं फडकं घाला, म्हणजे तो सरकत नाही. डाव्या हाताची बोटं आत मुडपा, पेरं पुढे आणि नखं मागे. सुरीचं पातं पेरांना टेकून वरखाली होतं. सुरुवातीला अवघडल्यासारखं होईल, आठवडाभरात हात बसतो. गाजर-बटाट्यासारखी गोल भाजी आधी उभी अर्धी कापा आणि सपाट बाजू खाली ठेवून मग चिरा. मला लागलेले दोन्ही टाके गोल बीटाचे आहेत.

तुकडे सारखे करा. ही हौस नाही. बोटभर जाड गाजर आणि पापुद्र्याएवढं गाजर एकाच कढईत पडलं तर एक कच्चं राहणार आणि दुसऱ्याचा लगदा होणार.

आधी चिरून काय ठेवता येतं? गाजर, फरसबी, फ्लॉवरचे तुरे, कोबी, ढोबळी मिरची, भोपळा. डब्यात फडकं घालून तीन दिवस आरामात राहतात. काकडी, टोमॅटो, पालेभाजी, कांदा त्या त्या वेळी. चिरलेला कांदा तर अख्ख्या फ्रिजला वास लावतो. चिरलेला बटाटा काळा पडतो, ठेवायचाच असेल तर पाण्यात बुडवून आणि काही तासच. चिरलेली भाजी थोडंफार जीवनसत्त्व क गमावते, हे खरं. पण न चिरल्यामुळे न खाल्लेली भाजी सगळंच गमावते.

लसूण ठेचला की दहा मिनिटं तसाच राहू द्या. ठेचल्यावर त्यातलं अॅलिसिन (लसणाला तिखट वास देणारं द्रव्य) तयार व्हायला थोडा वेळ लागतो, आणि लगेच गरम तेलात टाकलं की ती क्रिया तिथेच थांबते. म्हणून मी लसूण सगळ्यांत आधी ठेचतो, भाजी नंतर चिरतो.

४. सुट्टीच्या दिवशी तासभर: सुटे भाग शिजवून ठेवा

इथे माझी दुसरी मोठी चूक झाली. एकदा रविवारी बसून पाच दिवसांची पाच एकसारखी जेवणं डब्यांत भरली. फोटोत फार छान दिसत होती. बुधवारपर्यंत खाल्ली, गुरुवारी डबा उघडवेना. शिवाय शिजलेली भाजी पाच दिवसांत पाणी सोडते, रंग टाकते.

आता पूर्ण जेवण करून ठेवत नाही, भाग करून ठेवतो. एक कडधान्य, एक डबा चिरलेल्या टणक भाज्यांचा, एक बाटली ड्रेसिंगची, आणि चालत असतील तर चार-पाच उकडलेली अंडी. सालासकट उकडलेलं अंडं फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. या भागांची रोज वेगळी जोडी लावायची.

कडधान्य ८ ते १२ तास भिजवा. एक वाटी हरभरे शिजून अडीच वाट्या होतात, त्यामुळे हात आवरा. मसूर डाळ न भिजवता २० मिनिटांत शिजते. विसराळू माणसाला डाळीचा डबा घरात हवाच. शिजताना चिंच, लिंबू, टोमॅटो घालू नका. आंबटपणाने दाणा मऊ होत नाही, तासभर उकळला तरी कडक राहतो. दाणा बोटांत दाबून मऊ लागला की मग आंबट घाला.

राजमा असेल तर इथे जरा थांबून वाचा. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या राजम्यात लेक्टिन नावाचं एक विषारी प्रथिन असतं, त्याने काही तासांत जोरदार उलट्या होतात. मूठभर दाणेही पुरतात. भिजवलेलं पाणी फेका, ताज्या पाण्यात घाला, आणि खळखळ उकळी फुटल्यावर निदान अर्धा तास उकळा, मग मऊ होईपर्यंत शिजवा. मंद आचेवर तासन्‌तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात कच्चा राजमा थेट टाकू नका. तिथे पाणी उकळीपर्यंत जातच नाही असं होऊ शकतं आणि कोमट शिजण्याने ते विष उलट वाढतं.

दुसरा सापळा भाताचा. तांदळात बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणू, म्हणजे टणक कवचातली सुप्त रूपं, असू शकतात आणि ते शिजवूनही मरत नाहीत. भात तासन्‌तास ओट्यावर पडला की ते वाढतात आणि विष तयार करतात. हे विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. “गरम करून खाल्ला, तरी पोट बिघडलं” यामागे बऱ्याचदा हेच असतं. भात झाला की पसरट डब्यात पातळ थर द्या, तासाभरात गार करून फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी संपवा. म्हणून आठवड्याचा भात एकदम करू नये. आठवड्याचे हरभरे करून फ्रीझरमध्ये टाकावेत, भात रोजचा रोज.

पसरट डबे यासाठीच सांगितले. उंच डब्यात मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो, आणि ५ ते ६० अंश हा जंतूंचा आवडता पट्टा आहे. शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांवर ठेवू नये; उकाडा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. पूर्ण गार होईपर्यंत थांबायची गरज नाही, वाफ जिरली की डबा आत.

ड्रेसिंग सोपं आहे: तीन भाग तेल, एक भाग लिंबूरस किंवा व्हिनेगर, मीठ, मिरपूड. बाटलीत घालून हलवायचं. लसूण हवा असेल तर खायच्या वेळी घाला. कच्चा लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवणं धोक्याचं आहे. हवा नसलेल्या त्या जागी बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात, आणि वास किंवा चव काहीच सांगत नाही.

५. गॅसपाशी

पद्धती चारच शिका. वाफवणं, परतणं, भाजणं, कच्चं खाणं. बाकी सगळे यांचे नातेवाईक.

पाण्यात उकळणं शक्यतो टाळा. जीवनसत्त्व क आणि फोलेट (ब गटातलं एक जीवनसत्त्व) पाण्यात उतरतात आणि ते पाणी आपण मोरीत ओततो. उकळलंच तर पाणी सूपला, डाळीला वापरा. वाफवताना चाळणीच्या तळाला पाणी लागू देऊ नका. फ्लॉवर-ब्रोकोलीच्या तुऱ्यांना पाच-सहा मिनिटं पुरतात. सुरी टोचली की आत जाते पण किंचित अडते, तेव्हा गॅस बंद.

परतणं एकदा जवळून पाहू. गाजर आणि फरसबी, दोघांची मिळून एक ताटली. कढई रिकामीच तापवा, मग तेल. एक तुकडा टाकून पाहा: चर्र आवाज आला तर कढई तयार आहे, नुसता फसफसला तर थांबा. आधी गाजर, ते जास्त वेळ घेतं. तीन मिनिटांनी फरसबी. एक थरच मावेल एवढीच भाजी घाला. इथे सगळ्यांचं चुकतं. कढई भरली की खालची भाजी पाणी सोडते, वरची ते अडवते, आणि परतायला घेतलेली भाजी उकडून निघते. ढवळणंही कमी करा. मिनिटभर तशीच राहू दिली की खालच्या बाजूला तपकिरी डाग धरतात, चव त्याच डागांत असते. शेवटी दोन चमचे पाणी शिंपडून झाकण, दोन मिनिटं. झाकण काढलं की फरसबी पोपटी-हिरवी दिसते. आणखी पाच मिनिटं झाकून ठेवली तर ती लष्करी गणवेशाच्या रंगाची होते. भाजीतली आम्लं वाफेबरोबर बाहेर पडायची ती आत कोंडतात आणि हिरवा रंग मारतात. लिंबूही म्हणूनच ताटात, कढईत नाही.

पालेभाजीला मीठ सगळ्यांत शेवटी. कढईभर पालक बघताबघता मूठभर होतो आणि आधी घातलेलं मीठ त्या मुठीला फार होतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एकूण मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत ठेवावं, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर, त्यात लोणची-पापड-पाव सगळं आलं. भाजी अळणी लागली तर लगेच मिठाकडे हात नेऊ नका, आधी चार थेंब लिंबू पिळा. निम्म्या वेळा कमी पडलेलं असतं ते आंबट.

लिंबाचा आणखी एक उपयोग: पालेभाजी-कडधान्यातलं लोह अंगी लागायला जीवनसत्त्व क मदत करतं. आणि गाजर, भोपळा, पालक यांतलं कॅरोटीन (ज्याचं शरीर जीवनसत्त्व अ बनवतं) तेलाशिवाय नीट शोषलं जात नाही. त्यामुळे ‘हेल्दी’ म्हणून तेल शून्यावर नेणाऱ्यांनी जरा सबुरीने घ्यावं. माणशी दोन चमचे तेलाने काही बिघडत नाही.

ओव्हन असेल तर दमलेल्या दिवसासाठी तो सगळ्यांत सोपा. दोन सेंटिमीटरचे तुकडे, तेल-मीठ चोळून, ट्रेवर सुटेसुटे, २०० अंशांवर अर्धा तास, मध्ये एकदा उलटायचे.

६. ताट जुळवणं

हार्वर्डच्या सार्वजनिक आरोग्य विद्यालयाने २०११ मध्ये एक ताट काढून दाखवलं होतं, ते डोळ्यांपुढे ठेवायला सोयीचं आहे. अर्धं ताट भाज्या आणि फळं, पाव भाग अख्खं धान्य, पाव भाग प्रथिनं: डाळ, कडधान्य, अंडी, मासे. वजन-काटा नको, डोळ्यांनीच.

चौथ्या पायरीतल्या भागांतून चार रात्री अशा निघतात. पहिल्या रात्री पालक लसणावर परतलेला, हरभरे आणि ताजा भात. दुसऱ्या रात्री काकडी, टोमॅटो, हरभरे, उकडलेलं अंडं, ड्रेसिंग. मीठ काकडीचं पाणी काढतं म्हणून ड्रेसिंग खाताना घालायचं. तिसऱ्या रात्री गाजर-फरसबीची ती कढई आणि मसूर डाळ. चौथ्या रात्री कप्प्यात उरेल ते. त्याबद्दल शेवटी.

एका दिवशी कंटाळा येणारच. त्या दिवशी अंडं आणि कापलेली काकडी हेही घरचं जेवणच आहे.

७. उरलेलं

शिजवलेली भाजी-डाळ फ्रिजमध्ये तीन ते चार दिवस, भात एक दिवस. खाताना वाफा येईपर्यंत गरम करा, मायक्रोवेव्हमध्ये मधेच एकदा ढवळून. जेवढं खायचं तेवढंच बाहेर काढा. सगळं पातेलं रोज गरम-गार करणं नको.

हंगामात मटार, फरसबी स्वस्त आणि कोवळी मिळाली की फ्रीझरमध्ये टाकावी, पण आधी उकळत्या पाण्यात बुडवून. मटार दीड मिनिट, गाजराचे काप दोन, फरसबी आणि ब्रोकोली तीन. मग तेवढाच वेळ बर्फाच्या पाण्यात, आणि फडक्यावर पूर्ण कोरडं करून पिशवीत चपटं. याने भाजीतली विकरं (एन्झाइम, जी भाजीची चव आणि रंग बिघडवतात) थांबतात. हे न करता गोठवलेली भाजी दोन महिन्यांनी गवतासारखी लागते.

बुरशी लागली तर काय? गाजर, कोबीसारख्या टणक भाजीचा डागाभोवतीचा अडीच सेंटिमीटर भाग कापून बाकीची वापरता येते. टोमॅटो, काकडी, शिजवलेलं अन्न मात्र सगळंच टाकायचं. मऊ पदार्थात बुरशीची मुळं दिसतात त्याहून खोल गेलेली असतात. कच्चे मोड आलेले दाणे लहान मुलं, गरोदर बायका, म्हातारी माणसं यांना देऊ नयेत. दाणा ज्या उबेत, ओलीत मोडावतो त्यातच जंतूही वाढतात. शिजवून द्या.

आता ती चौथी रात्र. भाजीच्या कप्प्यात साधारण हे असतं: अर्धा कोबी, दोन मलूल गाजरं, एक मऊ टोमॅटो, कोथिंबिरीचे देठ. कांदा आणि लसूण तेलावर परता, गाजर आणि कोबी घाला, पाच मिनिटं परता. मूठभर मसूर डाळ आणि चार वाट्या पाणी घालून झाकण अर्धवट ठेवा, २० मिनिटं. डाळ मऊ झाली की टोमॅटो, कोथिंबिरीचे देठ बारीक चिरून, मीठ, आणखी पाच मिनिटं. ब्लेंडर नसेल तर डावाच्या पाठीने कडेला दाबत दाबत निम्मं मोडा. वरून लिंबू. दोन वाट्या उरतात, त्या पसरट डब्यात गार करून, तारीख घालून फ्रीझरमध्ये टाका, दोन महिने चालतील. आणि रिकामा झालेला कप्पा आजच पुसून घ्या, कोपऱ्यात पालकाचं एखादं पान नक्की चिकटलेलं असतं.